पीएसए वाढलेला आहे, पण पेट स्कॅन नॉर्मल आला. म्हणजे वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर नाही असं धरायचं का?

नाही, तसं अजिबात धरू नका. वडिलांचं वय ६८, पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) १४, एफडीजी पेटमध्ये प्रोस्टेटला काही आढळलं नाही आणि आता घरचे म्हणतात बायोप्सी कशाला, असं तुम्ही लिहिलंय. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, हाच स्कॅन रोज करतो, म्हणून कळकळीने सांगतो: या रिपोर्टच्या भरवशावर बायोप्सी टाळू नका.

एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज. बऱ्याच कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढून घेतात, म्हणून त्या स्कॅनवर उठून दिसतात. प्रोस्टेटचं गणितच वेगळं आहे.

निरोगी प्रोस्टेटच्या पेशी जस्त साठवून ठेवतात, तेही शरीरातल्या इतर मऊ भागांपेक्षा कितीतरी जास्त. हे जस्त अ‍ॅकोनिटेज या एन्झाइमला अडवतं. त्यामुळे क्रेब्ज चक्र, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारी रासायनिक साखळी, सायट्रेट या पदार्थापाशीच थांबतं आणि ते सायट्रेट जाळून ऊर्जा मिळवण्याऐवजी पेशी ते वीर्यासाठीच्या द्रवात सोडून देतात. कॅन्सर होताना जस्त आत आणणारं झिप-१ हे प्रथिन घटतं. जस्त ओसरलं की अडसर निघतो आणि पेशी तेच सायट्रेट जाळायला लागते. इंधन घरातच सापडल्यावर सुरुवातीच्या कॅन्सरला जास्तीचं ग्लुकोज लागतच नाही. ते लागतं बहुधा खूप पुढे, हार्मोनचे उपचार लागू पडेनासे झाल्यावर. तेव्हा एफडीजी कामाला येतं.

शिवाय एफडीजी लघवीतून बाहेर पडतं. स्कॅनला घेण्याआधी आम्ही पेशंटला लघवी करून यायला सांगतो, तरी पडद्यावर मूत्राशय काळंकुट्ट दिसतं, आणि प्रोस्टेट नेमकी त्याच्या खाली. छोटी गाठ त्यात सहज हरवते.

कॅन्सरमध्ये सायट्रेट घटतं आणि कोलीन (पेशीच्या आवरणाशी संबंधित पदार्थ) वाढतं, हे एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे एमआरआय मशीनवरच पेशींतली रसायनं मोजून, कळतं. कल्पना मला फार आवडते, पण तपासणी किचकट आहे. पाय-रॅड्स (प्रोस्टेटच्या एमआरआयला संशयाचे गुण देण्याची पद्धत) च्या २०१५ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत गुण देताना ती धरलेली नाही. २००९ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरची खूण म्हणून लघवीतल्या सार्कोसिन या पदार्थाचाही खूप गाजावाजा झाला, पण पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही. तसली टेस्ट कुणी सुचवली तर पैसे घालवू नका.

आधी रिपोर्टवर बघा, ‘एफडीजी’च लिहिलंय ना? ‘पीएसएमए’ असेल तर तो वेगळा पेट स्कॅन. तो ग्लुकोजच्या नव्हे, पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाच्या मागावर असतो आणि प्रोस्टेटसाठी खूपच चांगला आहे. अमेरिकेत गॅलियम-६८ पीएसएमएला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. तरी काही गाठी त्यालाही दिसत नाहीत.

पीएसए जंतुसंसर्गाने किंवा ग्रंथी नुसती वाढल्यानेही चढतो, त्यामुळे आत्ताच घाबरून जाऊ नका. युरॉलॉजिस्टना मल्टिपॅरामेट्रिक एमआरआयबद्दल (प्रोस्टेटची अनेक प्रकारे चित्रं घेणारा एमआरआय) विचारा. त्यात संशयाची जागा दिसली तर बायोप्सीची सुई नेमकी तिथे नेता येते.