लेट, डिलेड, ओव्हरड्यू… उशिराला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलंय की ऑफिसच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक उशिराला 'लेट' नाहीतर 'डिले' एवढंच लिहिलं जातं, मग आपल्याकडे रखडणं, रेंगाळणं, चालढकल यात जो फरक आहे तो इंग्रजीत दाखवताच येत नाही का?

येतो ना, चांगला येतो! फक्त शब्द निवडायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, ठरलेली वेळ टळली आहे का आणि उशीर कोणामुळे झालाय.

'लेट' एवढंच सांगतो की वेळ टळली. 'डिलेड' म्हटलं की कशाने तरी अडवलंय हे त्यात येतं. ठाण्याला वाशी लोकल उशिरा आली तर 'द ट्रेन इज टेन मिनिट्स लेट', पण सिग्नल बिघडला होता हे सांगायचं असेल तर 'डिलेड बाय अ सिग्नल फेल्युअर'. माणसांचंही तसंच, 'आय ॲम लेट' म्हणणारा उशीर स्वतःकडे घेतो, 'आय गॉट डिलेड' म्हणणारा तो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवर टाकतो, आणि खरंच ट्रॅफिक असेल तर तेच बरोबर आहे.

'ओव्हरड्यू' म्हणजे जे द्यायचं होतं ते थकलंय. बिल, हप्ता, लायब्ररीचं पुस्तक. 'बिलेटेड' मुख्यतः शुभेच्छा नाहीतर आभार उशिरा दिले तर, रिपोर्टसाठी तो शब्द नकोच.

आता कामाचा वेग, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बेलापूर-पेंधर मेट्रोचंच घ्या, काम सुरू झालं 2011 मध्ये आणि गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 ला, तर इतक्या वर्षांसाठी नुसतं 'डिलेड' फार तोकडं पडतं, तिथे 'द वर्क ड्रॅग्ड ऑन फॉर इयर्स' लिहिलं की ते लांबत गेलेलं काम डोळ्यासमोर येतं. एखादं काम पूर्ण ठप्प असेल तर 'स्टॉल्ड', आपलं रखडलेलं. चालू आहे पण मुंगीच्या पावलाने, तर 'ॲट अ स्नेल्स पेस', इंग्रजीत मुंगीच्या जागी गोगलगाय येते. आणि 'बिहाइंड शेड्यूल' मध्ये वेगाचा काहीच उल्लेख नाही हे लक्षात ठेवा, काम जोरात चालू असूनही ते वेळापत्रकाच्या मागे असू शकतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये कोणावर ठपका न ठेवता खरं सांगायला मला हाच शब्द सगळ्यात चांगला वाटतो.

माणसाच्या स्वभावाचे शब्द वेगळे. चालढकल म्हणजे 'प्रोक्रॅस्टिनेशन', त्यात लॅटिनमधला 'क्रास' म्हणजे 'उद्या' आहे, आपण 'आज-उद्या करतोय' म्हणतो तेच! मुद्दाम वेळ काढणं, विशेषतः कोर्टात तारखांवर तारखा घेत राहणं, ते 'डिलेटरी टॅक्टिक्स'. शाळेत निघताना मुलं टंगळमंगळ करतात ते 'डॉडल'. रेंगाळणं म्हणजे 'लिंगर', पण त्यात दोष असेलच असं नाही, वासही लिंगर होतो, आठवणही. 'स्लगिश' मात्र मंद, सुस्त, आणि गंमत म्हणजे 'स्लग' हा शब्द आधी आळशी माणसासाठी होता, तो बिनशंखाच्या गोगलगायीला नंतर चिकटला.

एक चूक फार दिसते म्हणून सांगतो. 'आय केम लेटली' म्हणजे उशिरा आलो असं होत नाही, 'लेटली' म्हणजे हल्ली, अलीकडे. उशिरा आलो हे 'आय केम लेट' एवढंच. आणि नावाच्या आधी 'लेट' लागला की अर्थ कैलासवासी, त्यामुळे मीटिंगला उशिरा येणाऱ्यांच्या यादीत 'लेट मिस्टर अमुक' असं चुकूनही लिहू नका, 'केम लेट' असा वेगळा कॉलम करा.