घाट चढून आलेली मासळी

कोल्हापूर

प्रिय बाळा, अनेक आशीर्वाद.

घरातल्या मासळीचं काम तू अंगावर घेतलंस आणि ताटावर कोण कोण बसतं तेही मोकळेपणी कळवलंस, हे फार बरं केलंस. आजोबांना लिव्हरचा सिरोसिस, वडिलांना साखर, वहिनीला पाचवा महिना. अशा घरात मासे बंद करायची गरज नाही, पण अंदाजपंचे काम मात्र चालणार नाही.

कोल्हापूरकराला मटणातलं कळतं, म्हणून माशातलंही कळेल असं धरून चालू नकोस. मटण सकाळी कापलेलं असतं. मासा मात्र होडीवर काही तास किंवा ट्रॉलरवर काही दिवस राहून, मग रत्नागिरी-मालवणकडून आंबा घाट नाहीतर गगनबावडा चढून येतो. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तर ‘आजचाच माल’ म्हणून मिळणारी सुरमई बहुधा शीतगृहातलीच असते. गोठवलेली असली म्हणून ती वाईट ठरत नाही. वितळून पुन्हा गोठवलेली असेल तर ती नको.

बांगडा, तारली, सुरमई, ट्यूना या माशांचं एक वेगळंच दुखणं आहे, ते आधी समजून घे. हे मासे उबेत राहिले की त्यांच्या मांसात जंतू हिस्टामिन नावाचं त्रासदायक द्रव्य तयार करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून जात नाही, उकळून जात नाही, फ्रीजरमध्येही नाहीसं होत नाही. मासा दिसायला चांगला असला तरी खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगावर गांधी उठतात. क्षयाच्या उपचारात आयसोनायझिड हे औषध चालू असेल त्याला हा त्रास जास्तच होतो. यावर उपाय एकच, पहिल्यापासून बर्फ. म्हणून बाजारात मासळी सगळ्यात शेवटी घे, डबा घरून ने आणि 1 किलो माशाला 1 किलो बर्फ धर. घरी आल्यावर पोट लगेच साफ कर, झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात 4 अंशांखाली ठेव, आणि त्याच दिवशी शिजव.

बाकीचे बहुतेक जंतू आचेने मरतात. तिखटाने मात्र मरत नाहीत. रस्सा कितीही झणझणीत असो, आगळ (कोकमाचा रस) घाल, लिंबू पिळ, व्हिनेगर लाव, त्याने चव येते, पण मासा निर्धोक होत नाही. तुकडीच्या मधोमध 63 अंश सेल्सिअस ताप पोचला पाहिजे. थर्मामीटर नसेल तर काट्याजवळचं जाड मांस सुरीने उलगडून बघ. काचेसारखं चकाकत असेल तर कच्चं आहे. पांढरं होऊन पापुद्रे सुटत असतील तर झालं. रवा लावलेली सुरमई मोठ्या आचेवर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते, म्हणून तुकडी दीड सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आच मध्यम ठेव आणि पहिली बाजू झाकण ठेवून होऊ दे.

मला खरी काळजी कालवांची आणि तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांतल्या जिवांची वाटते. हे जीव पाणी गाळून जगतात आणि त्या पाण्यातले जंतू-विषाणू आपल्यात साठवतात. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने वाळू निघते, विषाणू निघत नाहीत. उबदार समुद्रातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू धडधाकट माणसाने खाल्ला तर बहुधा जुलाबांवरच भागतं, पण लिव्हर आजारी असलेल्याच्या रक्तात उतरला तर अशा रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावतात. साखरेचा आजार, स्टेरॉइड, केमोथेरपी, आणि पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या रोजच्या गोळ्या यांनीही धोका वाढतो. म्हणून आजोबांच्या ताटात कच्चं किंवा अर्धकच्चं कालव कधीच नको. सोललेली कालवं पाण्याला खळखळ उकळी आल्यावर किमान 3 मिनिटं शिजव. अख्ख्या तिसऱ्या उकळत्या पाण्यात उघडल्यावर आणखी 3 ते 5 मिनिटं, वाफेवर असतील तर 4 ते 9 मिनिटं ठेव. न उघडलेली फेकून दे. विळीवर कापून एका शिंपल्यात मांस ठेवण्याची पद्धत असेल तर उघडण्याची ही खूण हातची जाते. तेव्हा घड्याळ लावूनच शिजव. आजोबांनी आणि वडिलांनी मासळी साफ करायला बसू नये. कोळंबीचा काटा किंवा शिंपल्याची धार लागली की हाच जंतू जखमेतून आत शिरतो.

पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे येतील. त्यांच्यात फुप्फुसात जाणारा कृमी असू शकतो. नांग्या वाटून गाळलेलं पाणी रश्शात घातल्यावर नुसतं गरम करून भागत नाही, 10 मिनिटं चांगलं उकळू दे. मिक्सरचं भांडं, गाळणी आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोथिंबिरीला हात लावू नकोस. कच्च्याचं पाणी शिजलेल्यावर जाण्याची चूक घरोघरी इथेच होते.

वहिनीला आठवड्याला 225 ते 340 ग्रॅम मासे चांगलेच आहेत, पण बोंबील, तारली, मांदेली असे लहान मासे दे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी खाऊ घालायची रीत कोकणात आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखून ती टाळ. मोरी म्हणजे शार्क. तिच्या अंगात पारा साठतो आणि तो शिजवून जात नाही. पाकिटातला थंड स्मोक्ड मासा आणि सुशीही नको. त्यातला लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजमध्येही वाढतो आणि गर्भाला घातक ठरतो.

‘रस्सा दुसऱ्या दिवशी मुरतो’ हे खरं आहे, पण तो ओट्यावर नको, फ्रीजमध्ये मुरू दे. पसरट भांड्यात काढून 2 तासांच्या आत, चैत्र-वैशाखात तासाभरात, आत ठेव. दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळी आणून वाढ आणि उरलेला टाकून दे.

शिंपले खाल्ल्यावर किंवा हाताला काही लागल्यावर दोन-तीन दिवसांत आजोबांना थंडी वाजून ताप आला, पाय दुखू लागले किंवा कातडीवर काळसर फोड आले, तर सकाळची वाट बघू नकोस. 108 ला फोन कर, मोठ्या रुग्णालयात ने. तिथे ‘लिव्हरचा आजार आहे, अमुक दिवशी शिंपले खाल्ले’ हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांग.