द्राक्षातले तज्ज्ञ आहेत, पण त्यांच्या वेबिनारमधून वीस मिनिटांत निम्मे बागायतदार निघून जातात. त्यांची तयारी कशी करून घ्यावी?

तुमच्या वर्णनावरून सरांचं बोलणं ठीक आहे, मुद्द्यांचा क्रम चुकतोय. तज्ज्ञ ज्या क्रमाने शिकलेले असतात त्याच क्रमाने सांगतात: बुरशीचं शास्त्रीय नाव, जीवनचक्र आणि सगळ्यात शेवटी उपाय. तोवर माणसं गेलेली असतात.

स्लाइड उघडण्याआधी त्यांच्यासोबत अर्धा तास बसा आणि एवढंच विचारा, "सर, उद्या सकाळी शेतकऱ्याने बागेत जाऊन काय पाहायचं?" ते सांगतील: पानावर तेलकट पिवळे डाग, त्याच जागी खालून पांढरी बुरशी, फुलोऱ्यात घडावर हाच रोग, म्हणजे डाऊनी (केवडा), आला तर मोठं नुकसान. सुरुवात इथूनच करा. जीवनचक्रातला पान ओलं राहण्याचा मुद्दा मात्र ठेवा, कारण फवारणी कधी घ्यायची हे त्यावरून ठरतं.

बरेच जण मोबाइलवर बघतात. एका स्लाइडवर एक मोठा फोटो आणि फार तर तीन ओळी. स्लाइड स्वतःच्या फोनवर उघडा, हात लांब करून धरा. वाचता आली नाही तर मजकूर कमी करा.

समोर चेहरे नसले की वक्ता भरभर बोलू लागतो आणि आवाज एकसुरी होतो. ओळखीचे दोन बागायतदार पॅनेलिस्ट म्हणून घ्या, कॅमेरा सुरू ठेवून. दर दहा-बारा मिनिटांनी सूत्रसंचालकाने थांबवून दोन प्रश्न वाचावेत. चॅट चाळणं सरांचं काम नाही. फोटो दाखवून "डाऊनी की भुरी?" (भुरी म्हणजे पांढरी पूड दिसणारा दुसरा बुरशीचा रोग) असा पोल घेतलात तर तीस सेकंद गप्प राहायचं, हे त्यांना आधीच सांगा. ती शांतता सहन होत नाही आणि वक्ता स्वतःच उत्तर देऊन टाकतो. त्या वेळी पाणी प्यायला सांगा. यूट्यूबवरही लाइव्ह असेल तर झूमचा पोल तिथे दिसत नाही आणि प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, म्हणून तिथल्या कमेंट वाचायला वेगळा माणूस हवा.

तालीम त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर, त्याच नेटवर घ्या. वायरचा इयरफोन, पंखा बंद, खिडकी समोर, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. पहिली पाच मिनिटं रेकॉर्ड करून सरांना एकट्याला पाहू द्या. नंतर दोनच सुधारणा सुचवा, त्याही चारचौघांत नाही. ज्येष्ठ माणसाला यादी दिली की तो स्लाइड वाचण्याचा आधार धरतो.