सेल्सफोर्समध्ये सगळं फ्लोवर बसवायचं की अपेक्स कोड लिहून घ्यायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: लोहार चाळीत इलेक्ट्रिकल मालाचा होलसेल धंदा, भिवंडीत गोदाम, आणि नुकतंच सेल्सफोर्स, म्हणजे पार्ट्या, ऑर्डरी आणि विक्री सांभाळायची ऑनलाइन सिस्टीम, घेतलंय. एक व्हेंडर म्हणतो कोडची एक ओळही लागणार नाही, सगळं फ्लोमध्ये, म्हणजे स्क्रीनवर डबे जोडून नियम बनवायच्या साधनात, बसवतो. दुसरा म्हणतो फ्लो नकोच, सगळं अपेक्समध्ये, म्हणजे सेल्सफोर्सच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, लिहू. ऐकायचं कोणाचं?

मुंबईतल्या व्यापाऱ्यांकडे ही सिस्टीम बसवून द्यायचं काम मी करतो. माझ्या मते दोघांचंही पूर्ण ऐकू नका. तुमचा एकेक नियम घ्या आणि विचारा, उद्या हा बदलला तर बदलणार कोण, आणि किती घाईत?

डिलरच्या स्कीम, डिस्काउंटचे टक्के, जीएसटीचे दर हे आकडे फ्लोतही नकोत आणि कोडमध्येही नकोत. ते वेगळ्या टेबलात ठेवा, म्हणजे तुमचा अकाउंट्सचा माणूस स्वतः बदलू शकेल. 2025 मध्ये जीएसटी कौन्सिलचा निर्णय 3 सप्टेंबरला झाला आणि 22 सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, एसी आणि मोठे टीव्ही 28 टक्क्यांवरून 18 वर आले. ज्यांचा दर टेबलात होता त्यांना एक आकडा बदलायचा होता. ज्यांच्याकडे 28 हा आकडा ठिकठिकाणी लिहिलेला होता, त्यांना सीझनच्या तोंडावर डेव्हलपर गाठावा लागला. फ्लोच्या डब्यात लिहिलेला आकडाही तितकाच अडकलेला असतो, हे नो-कोडवाले सांगत नाहीत.

पार्टीची उधारी मर्यादेपलीकडे गेली की ऑर्डर मंजुरीसाठी मालकांकडे पाठवणं, सेल्समनला फॉलोअपची आठवण, माल निघाला की पार्टीला मेसेज, हे सगळं बिनधास्त फ्लोमध्ये करा. यासाठी कोड लिहून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

खरी कसोटी लागते ऑर्डरवर. डेमोत पाच आयटमची ऑर्डर टाकतात आणि सगळं सुरळीत चालतं. मग एखादा डिलर वायर, स्विच, एमसीबी मिळून दीडशे ओळींची ऑर्डर पाठवतो आणि स्क्रीनवर येतं, ‘टू मेनी एसओक्यूएल क्वेरीज: 101’. क्वेरी म्हणजे सिस्टीममधली माहिती एकदा शोधून आणणं. सेल्सफोर्स एका व्यवहारात, म्हणजे एकदा सेव्ह केल्यावर चालणाऱ्या सगळ्या कामात, 100 क्वेरींपर्यंतच परवानगी देतं. फ्लोमध्ये लूपच्या (ओळीमागून ओळ तेच काम पुन्हा करणाऱ्या भागाच्या) आत ‘गेट रेकॉर्ड्स’ हा माहिती आणणारा डबा ठेवला असेल, तर प्रत्येक ओळीला एक क्वेरी खर्च होते. तो लूपबाहेर काढला की ही अडचण सुटते, त्यासाठी कोड लागत नाही. पण पुढची अडचण तितकी सहज सुटत नाही. आयटम, डिलरचा दर्जा आणि नगांचा स्लॅब, तिन्ही जुळवून प्रत्येक ओळीचा भाव काढायचा असेल, तर एक यादी दुसऱ्या यादीशी जुळवावी लागते. अपेक्समध्ये त्यासाठी मॅप आहे, म्हणजे नाव दिलं की त्याची नोंद थेट काढून देणारी यादी. फ्लोमध्ये तो नाही, मग बहुतेक वेळा लूपमध्ये लूप येतो, आणि एका व्यवहाराला मिळणारा 10 सेकंदांचा सीपीयू वेळ (सर्व्हरचा हिशोबाचा वेळ) त्यातच जाऊ शकतो. भिवंडीचा स्टॉक राखून ठेवताना एक ओळ फसली तर सगळंच मागे घ्यायचं, असा नियम असेल तर तोही कोडमध्ये जास्त नीट सांभाळता येतो. भावाचा हिशोब आणि स्टॉक, या दोन गोष्टी मी अपेक्समध्येच लिहून घेईन.

कोडचा आणखी एक फायदा. अपेक्स थेट चालू सिस्टीममध्ये बदलता येत नाही. सँडबॉक्समध्ये, म्हणजे सिस्टीमच्या सरावाच्या प्रतीत, लिहायचं, आणि किमान 75 टक्के कोड टेस्टने (तपासणीसाठी लिहिलेल्या वेगळ्या कोडने) चालवून पाहिल्याशिवाय तो पुढे चढत नाही. फ्लो मात्र ॲडमिनचे अधिकार असलेला कोणीही संध्याकाळी उघडून बदलू शकतो. म्हणून फ्लोसाठीही आधी सँडबॉक्स, मग प्रोडक्शन (चालू सिस्टीम) ही शिस्त घरातच लावा. आणि 75 टक्क्यांवर विसंबू नका. निकाल न तपासणारी टेस्टसुद्धा त्या आकड्यात मोजली जाते. डेव्हलपरला विचारा, टेस्ट भाव बरोबर आला का ते तपासते की नुसती चालते?

दोन्ही एकत्र वापरताना ऑर्डरचं एकच फील्ड फ्लोही भरतोय आणि ट्रिगरही (रेकॉर्ड सेव्ह होताना आपोआप चालणारा अपेक्स कोड) भरतोय, असं होऊ देऊ नका. कोणी कोणावर पुन्हा लिहिलं हे शोधण्यात आख्खा दिवस जातो. कुठलं फील्ड कोणाचं, ते कागदावर ठरवून घ्या.

पहिला व्हेंडर अजून प्रोसेस बिल्डर किंवा वर्कफ्लो रूल, ही फ्लोच्या आधीची नो-कोड साधनं, दाखवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. सेल्सफोर्सने 31 डिसेंबर 2025 ला दोन्हींचा सपोर्ट बंद केला. नो-कोडही जुनं होतं, आणि ते नव्यावर हलवायचे पैसे लागतात.

ई-इनव्हॉइसच्या फंदात मात्र स्वतः पडू नका. वर्षाची उलाढाल 5 कोटींवर असेल तर 1 ऑगस्ट 2023 पासून ते बंधनकारक आहे, पण त्यासाठी तयार सेवा मिळतात. तीच जोडून घ्या.

निर्णयाआधी दोघांनाही तुमची गेल्या दिवाळीआधीची सगळ्यात मोठी ऑर्डर द्या आणि तुमच्यासमोर चढवायला सांगा. नंतर एका डिलरचा डिस्काउंट तुमच्याच माणसाला बदलायला लावा, व्हेंडरने हात न लावता. करारात ॲडमिनचं लॉगिन आणि सगळा सोर्स कोड तुमच्या ताब्यात राहील, हे लिहून घ्या. यातल्या कशालाही जो नाही म्हणेल, त्याला काम देऊ नका.