मंडळीचे ‘वडील’ आणि आपले ‘पाद्री’

मडगावच्या एका ताईंनी विचारलंय: ‘मराठी बायबलमध्ये प्रेषित पौल आपला सहकारी तीत याला पत्रातून नगरोनगरी “वडील” नेमायला सांगतो. वडील म्हणजे बाप; तो नेमायचा कसा? आमच्याकडे सगळे पाद्री म्हणतात. दोघे एकच का? आणि लगेच पुढे येणारा “अध्यक्ष” कोण?’

ताई, वडील हा शब्द बापाला नंतर चिकटला. मुळात वडील म्हणजे थोरला. वडीलभाऊ, वडीलधारी, वडीलकी या शब्दांत तो अर्थ अजून शाबूत आहे. तुम्ही तर गोव्यातल्या. कोंकणीतलं ‘व्हड’, ‘व्हडलो’ रोज कानावर पडत असेल. त्याचं नि आपल्या ‘वडील’चं मूळ एकच: प्राकृत ‘वड्ड’, म्हणजे मोठा. पत्राच्या मूळ ग्रीक मजकुरात त्या जागी ‘प्रेस्बुतेरोस’ आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘वयाने अधिक’, म्हणजे सरळ आपला व्हडलो.

बाप दडलाय तो पाद्री या शब्दात! पोर्तुगीज ‘पाद्रे’, त्याच्यामागे लॅटिन ‘पातेर’, म्हणजे पिता. तुम्हाला वाटलं त्याच्या नेमकं उलट आहे हे, आणि मला यातच खरी गंमत वाटते. इगर्जीतला, म्हणजे चर्चमधला, मुख्य पाद्री ‘विगार’ आणखी वेगळा: मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा.

पण अर्थापेक्षा एकवचन-अनेकवचनाकडे जास्त लक्ष द्या. ‘माझे वडील आले’ म्हणताना माणूस एकच असतो, अनेकवचन आदराचं. त्या सवयीने ‘प्रत्येक मंडळीत वडील नेमले’ (बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, 14:23) हे वाक्य आपण एका मंडळीला, म्हणजे एका ठिकाणच्या ख्रिस्ती समुदायाला, एक माणूस असं वाचतो. ग्रीकमध्ये ते संख्येचं अनेकवचन आहे. एकेका मंडळीत अनेक थोरली माणसं. जुन्या करारातही मोशेचा भार वाहायला 70 वडील निवडले जातात. कारभार एकट्याच्या खांद्यावर नसावा, ही कल्पना त्या एका प्रत्ययात आहे आणि मराठीत ती नकळत पुसली जाते. म्हणून वाचून दाखवताना मी ‘वडील मंडळी’ म्हणतो. तुम्हीही म्हणून पाहा.

आता अध्यक्ष. सभेच्या खुर्चीतला माणूस डोळ्यांपुढून काढून टाका. अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा: वरून लक्ष ठेवणारा. कौटिल्याचे सीताध्यक्ष, नावध्यक्ष आठवा. शेती नि नौकांवर देखरेख ठेवणारे अधिकारी. ग्रीक ‘एपिस्कोपोस’ची घडण हुबेहूब हीच, म्हणून हा अनुवाद मला फार आवडतो. त्याच ग्रीक शब्दातून इंग्रजीत बिशप झाला, पोर्तुगीजमध्ये ‘बिस्पो’ आणि कोंकणीत ‘बिस्प’. मात्र आपल्याला माहीत असलेला बिशप सबंध धर्मप्रांताचा असतो, गोव्यात 1534 पासून. पौलाच्या पत्रात तसं नाही. तीताच्या पहिल्या अध्यायात पाचव्या ओवीत ‘वडील’ आणि सातवीत ‘अध्यक्ष’ येतो तो त्याच माणसांबद्दल बोलताना. मिलेत या शहरात पौल इफिस शहरातल्या मंडळीच्या वडिलांना बोलावतो आणि त्यांनाच अध्यक्ष म्हणतो (प्रेषितांची कृत्ये 20:17, 28). वडील हे माणसाचं वय नि मान सांगतं, अध्यक्ष हे त्याचं काम.

तेव्हा ताई, तीताला जे नेमायचे होते ते बाप नव्हेत आणि आजच्या अर्थाने पाद्रीही नव्हेत. गावातली व्हडलीं मनशां, मंडळीच्या कळपावर नजर ठेवणारी.