ट्रॅक सायकलिंगचा आंतरराष्ट्रीय सीझन कधी असतो? गोव्यात बघायला मिळेल का?

तुम्ही फोंड्याहून लेकीसाठी विचारलंय, म्हणून आधी गोव्याचं सांगतो. आपल्याकडे व्हेलोड्रोम, म्हणजे ट्रॅक सायकलिंगचं मैदान, नाही. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, पण ट्रॅक सायकलिंग दिल्लीला घ्यावं लागलं. ते अजून मनाला लागतं.

सीझनचं वेळापत्रक बदललंय. पूर्वी वर्ल्ड कपच्या फेऱ्या हिवाळ्यात व्हायच्या आणि जागतिक स्पर्धा बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये. 2021 ला वर्ल्ड कपच्या जागी नेशन्स कप आला. 2023 आणि 2024 ला तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये झाला. जागतिक स्पर्धा आता बहुतेक ऑक्टोबरात असते. 2024 ला डेन्मार्क, 2025 ला चिली.

ट्रॅक 250 मीटरचा, लाकडी, वळणावर चाळीस अंशांहून जास्त चढा. सायकलला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही; चाक फिरतं तोवर पाय फिरवायचेच. वेग कमी झाला तर त्या चढावरून खाली घसरायला होतं.

लेकीला अंदमानच्या एसो अल्बेनबद्दल जरूर सांगा. 2018 ला ज्युनियर जागतिक स्पर्धेत त्याने केरिनमध्ये (आधी वेग ठरवणाऱ्या मोटारसायकलमागून जायचं, मग शेवटी जोरात धावायचं, अशी शर्यत) रौप्य जिंकलं, या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. तोही बेटांवरून येऊन दिल्लीत सराव करायचा. ट्रॅक मिळेपर्यंत तिला रस्त्यावर भरपूर चालवू द्या. पायांची ताकद तिथेच येते.