सांगायचं कुणाला, आणि किती?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये मानसिक आजाराच्या त्रासापेक्षा, तो इतरांना कळला तर काय होईल याचीच धास्ती जास्त दिसली. त्यातले चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मला बायपोलर डिसऑर्डर आहे. लिथियमच्या गोळ्यांवर दोन वर्षं तब्येत स्थिर आहे. नवी नोकरी लागली आहे. ऑफिसात सांगू का?

सगळ्यांना सांगणं आणि कुणालाच न सांगणं यांच्यामध्ये बरीच जागा असते. सांगून तुम्हाला नेमकं काय हवंय, ते आधी ठरवा. तुमच्या बाबतीत बहुधा दोनच गोष्टी लागतील. एक, रात्रपाळी नको, कारण झोप बिघडली की मेनिया, म्हणजे मनाचा उत्साह आणि वेग बेभान वाढण्याची अवस्था, उसळू शकतो. दुसरी, लिथियमची पातळी बघायला रक्त रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यावं लागतं. त्या दिवशी सकाळी उशीर होणार. यासाठी आजाराचं नाव सांगावंच लागतं असं नाही. "माझे दीर्घकाळचे उपचार चालू आहेत, तब्येत स्थिर आहे. डॉक्टरांनी रात्रपाळी टाळायला सांगितली आहे आणि काही महिन्यांतून एकदा रक्ततपासणीसाठी सकाळी उशीर होईल." एवढं पुरतं. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. तिच्यात निदान न लिहिता फक्त शिफारस लिहून मागा. एखाद्या फॉर्मवर आजाराबद्दल थेट प्रश्न असेल तर खोटं लिहू नका. तो प्रश्न विचारायचा त्यांना अधिकार आहे का, हे सही करण्याआधी कायदा जाणणाऱ्याकडून समजून घ्या.

घोळ होतो तो बहुतेक वेळा मन भरून आल्यावर एकाच बैठकीत सगळं सांगून टाकल्याने. बोललेलं परत घेता येत नाही. म्हणून आधी एकालाच सांगा, पंधरा दिवस त्याचं वागणं बघा, मग पुढचं ठरवा. आणि सांगायचं ते तब्येत चांगली असताना. विश्वास बसलाच, तर त्या एकाला पूर्वखुणाही सांगून ठेवा: झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलण्याचा वेग वाढलाय, खर्च सुटलाय. घरच्या कोणाला फोन करायचा, तेही.

एका जागी मात्र अजिबात लपवू नका : दाताच्या डॉक्टरांसकट कुठल्याही डॉक्टरांपुढे. लिथियमवर असताना आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, जीभ जड होणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. लाजेपायी औषध लपवल्याने असा धोका ओढवतो, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

प्रश्न : बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे, क्लोझापिन चालू आहे. पोट दुखतं म्हणाली की डॉक्टर "मनाचं आहे" म्हणतात. आता आम्हालाही तसंच वाटायला लागलंय.

तसं वाटून घेऊ नका. मनाच्या आजाराचं लेबल लागलं की शरीराची तक्रार ऐकूच येईनाशी होते. हा कलंकाचा सर्वांत घातक प्रकार आहे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं सरासरी १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात.

शिवाय क्लोझापिनने बद्धकोष्ठता होणं नेहमीचं आहे, आणि ती वाढून आतडं तुंबलं तर जिवावर बेतू शकतं. शौच रोज नोंदवा. दोन-तीन दिवस झाली नाही आणि सोबत पोट फुगलं, दुखलं किंवा उलटी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. दुखणं कधीपासून, कुठे, नेहमीपेक्षा वेगळं काय, शौच कधी झाली, सगळ्या औषधांची नावं आणि डोस. मग शांतपणे विचारा, "हीच तक्रार मानसिक आजार नसलेल्या माणसाने सांगितली असती, तर आपण काय तपासलं असतं?" तरीही नकार आला, तर तपासणी का नको ते केसपेपरवर लिहून मागा. लिहायची वेळ आली की पुष्कळदा डॉक्टरांचा हात पोट तपासायला वळतो. वजन, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तरी तपासलं जायलाच हवं.

प्रश्न : स्किझोफ्रेनियासाठीचा 'छिन्नमनस्कता' हा शब्द ऐकला की भावाला लाज वाटते. दुसरा शब्द नाही का?

शब्द जड तर आहेच, चित्रही चुकीचं उभं करतो. या आजारात एका माणसात दोन माणसं नांदत नाहीत. जपानमध्येही जुन्या नावाचा अर्थ 'मन फाटण्याचा आजार' असाच होता. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि २००२ साली नाव बदललं. पूर्वी डॉक्टरही हे निदान तोंडावर सांगायला कचरत. रुग्णाला आजाराचं नाव सांगण्याचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या घरात गेलं. मराठीत रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्यासाठी 'शुभंकर' हे शब्द रुळत आहेत. भावाला कोणता चालतो, ते त्यालाच विचारा.

प्रश्न : डिप्रेशनच्या गोळ्या आईपासून लपवून घेते. मधूनच राहून जातात. सवय लागेल असं ती म्हणते.

लपवलेली गोळी चुकतेच, कारण ती घेण्यासाठी रोज एकांत शोधावा लागतो. घरात एकाला तरी माहीत असू द्या. यामागे सुरक्षेचंही कारण आहे : सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता वाढली किंवा जीव नकोसा वाटला, तर ते शेजारच्या माणसाला आधी दिसतं आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवता येतं.

आईला पुढच्या भेटीला दहा मिनिटं सोबत न्या. तिच्यासमोर काय बोलायचं आणि काय नाही, हे डॉक्टरांशी आधी ठरवून घ्या. तिला एवढं कळलं तरी पुष्कळ : मळमळ, डोकेदुखी पहिल्या आठवड्यात येते, गुण मात्र साधारण २ ते ४ आठवड्यांनी; म्हणून औषध बाधतंय असा समज होतो. बरं वाटल्यावरही किमान ६ महिने ते घ्यायचं असतं. अचानक थांबवलं तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटतं, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. व्यसनात ओढ लागते, मात्रा वाढवावीशी वाटते. इथे तसं होत नाही.

तोवर गोळी ब्रश करण्याच्या वेळेशी जोडा. राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन घेऊ नका, नेहमीच्या वेळची एकच घ्या.